पांढऱ्या कपड्याला रातचं जेवण नाही

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं अंगणात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. पंचफुला, म्हणजे माझी बायको, सुपाच्या त्या अंगाला आणि मी या अंगाला. तिचे दाणे भराभर पडत होते, माझे रमतगमत. शेंगेत अळी निघाली की ती शेंग माझ्याकडे ढकलायची आणि म्हणायची, "हे घ्या, तुमचा पाव्हणा आला."

बोलणं त्या दिवशीही श्रीलंकेचंच. पावसाळ्यात आमच्या विहारात भंते मुक्कामाला होते. त्यांनी तिथल्या कँडी शहराची गोष्ट सांगितली. बुद्धाचा दात तिथं ठेवलेला आहे, गावाच्या मधोमध तळं आहे, चारी बाजूंनी डोंगर आहेत. झालं, हिनं धोसरा काढला. पोरीच्या मागं लागून दोघांचे पासपोर्ट काढले. तिथं विहारात जायला पाहिजेत म्हणून शिरपूरच्या शिंप्याकडून माझ्यासाठी पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड शिवून आणले.

मी म्हटलं, "दातच पाहाचा तं माह्या तोंडात अजून हायेत काही. फुकट पाह्य."

"तुमचे दात पाहून पाहून डोये फुटले माहे. अन् मी दातासाठी नाही चालली."

"मंग कायले चालली?"

"आठ दिवस दुसऱ्याच्या हातचं आयतं खाईन. सकायचं, दुपारचं, रातचं. चुलीचं तोंड पाह्यणार नाही. कोणी ताट आणून देईन अन् मी म्हणीन, मीठ थोडं कमी आहे. जसं तुमी म्हणता."

संध्याकाळी तिनं त्या दाण्यांचा सोलेभात केला. जेवलो. ती झोपली, ती सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी म्हटलं, ते तर मलाही दिसून राह्यलं.

त्या दिवशी भाऊबंदांनी कडू घास आणला. शहरातल्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही. शेजारचे लोक भाकर-वरण घेऊन येतात आणि घरच्या माणसाच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालतात. आम्ही बौद्ध. तेरावं-बिरावं आमच्या बापानंच सोडलं. पण कडू घास कोणी सोडला नाही, कारण तो धर्माचा नसतो, शेजाऱ्याचा असतो. माझ्या चुलतभावानं घास समोर धरला. मी तोंड फिरवलं. त्यानं पुन्हा धरला, मी पुन्हा फिरवलं. मग त्यानं ताट झाकून ठेवलं.

तेव्हापासून माझं रातचं जेवण सुटलं. सकाळी खातो, दुपारी खातो, पण दिवस मावळला की ताटाकडं पाहवत नाही. कोणी बळजबरी केली की उठून ओट्यावर जाऊन बसतो. अंगातला सदरा खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा पोरीनं हाय खाल्ली.

पोरगी मीना वाशीमला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या तशी ती गावी आली आणि म्हणाली, "बाबा, आपण दोघं जाऊ श्रीलंकेले."

"माहं काय काम तिथी?"

"काम नाही. म्हणूनच जाचं. सुट्टी म्हणतात त्याले."

"यंदाची तूर उभी आहे वावरात."

"तूर उभीच राह्यते. कोठी पळून नाही जात." मग ती पेटीकडं पाहून म्हणाली, "नाहीतर आईनं शिवलेले कपडे कसरीले खाऊ घाला."

मी पेटी उघडून दोन्ही जोड उन्हात टाकले. सोयाबीन निघालं, घरात आलं आणि आम्ही निघालो. पंचफुलाचा नियम होता की खायचं काही बांधून न्यायचं नाही, तो पाळला. ना चिवडा, ना ठेचा. तंबाखूची पुडी तेवढी घेतली. तिच्या नियमात तंबाखू नव्हता.

नुवर

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, कान दुखले, उतरलो. कोलंबोहून पुढं डोंगरातून रस्ता आहे, तो मात्र पाहण्यासारखा. आमच्याकडं उन्हाळ्यात नजर टाकली की थेट पुढच्या गावाचं देऊळ दिसते. तिथं नजरेला जागाच नाही. जिकडं पाहावं तिकडं झाड, आणि झाडावर चढलेलं दुसरं झाड. एवढं हिरवं पाहून मला पहिल्यांदा वाटलं, इथले लोक निंदण कधी करत असतील?

कँडी हे नाव आपल्यासारख्या परक्यांसाठी. तिथले लोक गावाला नुवर म्हणतात. नुवर म्हणजे नगर. आम्ही उतरलो ते घर तळ्याच्या वरच्या अंगाला, चढावर. दोन खोल्या भाड्यानं देतात. मालकीण साठीच्या आसपासची, ठेंगणी, कंबर ताठ. नाव सोमावती. मी म्हटलं, आमच्याकडं सोमवती अमावस्येला असते. मीनानं ते इंग्रजीत सांगितलं असावं, कारण बाई हसली आणि आभाळाकडं बोट दाखवून म्हणाली, "पोया, पोया." म्हणजे त्या दिवशी नेमकी पौर्णिमा होती. त्या देशात प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. मीना म्हणाली, "आपल्याकडं असती तं शाळा महिन्यातून एकदा अजून बंद." मास्तरणीचं डोकं तिथंच जाते.

घराच्या ओसरीत काचेच्या पेटीत बुद्धाची मूर्ती, पुढं दिवा आणि जाईसारखी फुलं. मी आईच्या पोटातून शिकून आल्यासारखी वंदना म्हणतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पण त्रिसरण-पंचशील कधी चुकलं नाही. चपला काढल्या, गुडघे टेकले आणि सुरू केलं. मागून सोमावतीचा आवाज मिळाला. शब्द तेच! मी "सरणं" म्हणे, ती "सरणङ" म्हणे, तिच्या नाकातून घंटी वाजल्यासारखं होई, पण बाकी सगळं तेच. मला तिची एक ओळ समजत नव्हती, तिला माझी समजत नव्हती, आणि आम्ही दोघं पाचही शीलं न अडखळता एका दमात म्हणून मोकळे झालो. शेवटी दोघांनी "साधु, साधु, साधु" केलं. बाईनं मला खाली वाकून हात जोडले. मला बरं वाटलं. म्हटलं, इज्जत आहे इथं आपल्याला.

या इज्जतीनंच घोळ केला.

संध्याकाळी मीनासमोर ताट आलं. भात, मसुरीचं वरण, कसलासा पाला, वाळक्या मासळीचं तिखट. माझ्यासमोर आला बिनदुधाचा चहा आणि बशीत काळ्या गुळाचा खडा. बस. मी वाट पाहिली. बाई दोन्ही हात जोडून मागं सरली आणि आत गेली.

मीनानं जाऊन विचारलं. आतून बाईचा आवाज आला आणि त्या सगळ्या गलबल्यात एक शब्द मला साफ ऐकू आला: "विकालभोजना."

हा शब्द मला माहीत होता. आमच्या विहारात वर्षावासात म्हाताऱ्या बाया अष्टशील घेतात, त्यात तो येतो. "विकालभोजना वेरमणी." म्हणजे अवेळी जेवणार नाही. दुपारनंतर अन्न नाही, फक्त पाणी, चहा. त्या देशात पौर्णिमेला म्हातारे लोक असं व्रत घेतात, आणि व्रत घेतलेला माणूस अंगावर पांढरं घालतो. मी पायापासून मानेपर्यंत पांढरा, वर खडाखड वंदना म्हणून दाखवलेली. बाईनं काय समजायचं?

मीना हसत बाहेर आली. "बाबा, तुमाले उपासक समजली ते. थांबा, सांगतो तिले."

"नको सांगू."

"काहून?"

"राहू दे. बाईचं बरोबर आहे."

तिचं हसू गेलं. "तुमी अष्टशील घेतलंच नाही. हे लबाडी होते."

"मी कोठी काही बोललो? कपडे बोलले."

"उद्या पौर्णिमा नाही."

"उद्या दुसरा जोड घालीन. तोही पांढराच हाये."

मीना ताटातला भात चिवडत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "आई इथी आयतं खाचं म्हणत होती. अन् तुमी आयते उपाशी राहून राह्यले."

मी गुळाचा खडा दाताखाली धरला आणि चहा प्यायलो. गूळ चांगला होता. आपल्या उसाच्या गुळापेक्षा कडवट, धुराचा वास असलेला. ताडासारख्या झाडाच्या रसाचा करतात म्हणे.

तळ्याच्या काठानं

रात सोडली तर मी त्या गावात रुळलो, हे खरं सांगतो. सकाळी उठून तळ्याला फेरी घालायची. काठानं ठेंगणी पांढरी भिंत आहे, तिला कंगोरे, ढगाच्या आकाराचे. पाण्यात घोरपडीएवढी जनावरं पोहतात आणि त्यांच्याकडं कोणी ढुंकून पाहत नाही. आमच्या गावात असं जनावर दिसलं असतं तर अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं असतं. झाडांवर मोठाली वटवाघळं उलटी टांगलेली, जणू कोणी काळ्या छत्र्या वाळत घातल्या. फिरायला येणारे म्हातारे पांढरे कपडे पाहून मला आधी नमस्कार करायचे. मीही करायचो. आधी लाज वाटली, मग सवय झाली.

दाताच्या विहारात गेलो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, पाहिला का दात? नाही पाहिला. तो सोन्याच्या करंड्यात असतो, करंडा दुसऱ्या करंड्यात, आणि ते सगळं एका खोलीत. दार उघडते तेव्हा ढोल वाजतात, छातीत धडधडते, माणसं पुढं सरकतात, आणि तुम्हाला सोन्याचा एक टोकदार उजेड दिसतो न दिसतो तोच मागचा माणूस म्हणतो, चला. पण निळ्या कमळांचा वास आणि अनवाणी पायाला लागणारी ती थंडगार फरशी, त्यासाठी जा. मी फूल वाहिलं. पंचफुलाच्या नावानं दुसरं वाहिलं. मीनानं तिसरं वाहिलं, ते कोणाचं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुपारचं जेवण मी सोमावतीच्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून करायचो. मीना म्हणे, टेबलावर बसा. मी म्हटलं, इथून पातेलं दिसते. पहिल्या दिवशी शेवयांची चकती आली, उकडलेली. मी दूध-साखरेची वाट पाहत बसलो. बाईनं त्यावर नारळाचं वरण ओतलं. शेवयांवर वरण! पण चव लागली. नारळ खवून लाल मिरचीत कुटतात, त्याला सांबोल म्हणतात. आमचा ठेचा शेंगदाण्याचा, त्यांचा नारळाचा. फुशारकीत मी बाईला म्हटलं, याच्यात मिरचीच नाही. तिला "मिरची" समजलं, कारण ते लोक मिरचीला मिरिस म्हणतात. तिनं दारातल्या झाडाची नखाएवढी मिरची तोडून माझ्या ताटात ठेवली. मी वऱ्हाडचा माणूस, मिरचीला भ्यायचो नाही. चावली. नंतर मला उचकी लागली ती सूर्य डोंगराआड जाईपर्यंत थांबली नाही. बाई खांबाला धरून हसत होती.

शब्दांची गंमत तिथूनच सुरू झाली. ती हात दाखवून म्हणे "अत". मी म्हणे "हात". ती म्हणे "दत", मी "दात". ती "बत", मी "भात". या लोकांनी अर्धं अर्धं अक्षर कुठं सांडलं कोणास ठाऊक. पण मीना म्हणाली, "बाबा, तुमी तरी कोठी पुरं बोलता? आमी, तुमी. ह खाऊन टाकता." तेही खरं. एक शब्द मात्र आपल्याशी जुळला नाही, तो मी लवकर शिकलो, कारण बाई भात वाढतच राहायची. "एपा." म्हणजे नको.

दुपारी मी दोनदा भात घेई. आणि संध्याकाळी चहा, गुळाचा खडा, जोडलेले हात. बाई आता शेजारणींनाही माझ्याबद्दल सांगायला लागली होती. भिंतीपलीकडून बाया डोकावून पाहायच्या. मीना माझ्याशी धड बोलत नव्हती. तिनं मला इथं कशासाठी आणलं ते मला कळत होतं, आणि मला कळते हे तिला कळत होतं. एकदा ती एवढंच म्हणाली, "घरी ओटा होता. इथी कपडे भेटले. तुमाले बहाणा पाह्यजे फक्त."

पांढऱ्या पताका

त्या दिवशी मीना बाजारात गेली होती. मी संध्याकाळच्या विहारासाठी कमळ घेऊन ठेवलं होतं. पाऊस उघडला तसा फूल घेऊन एकटाच गल्लीनं वर चालायला लागलो. पाहतो तर गल्लीभर पताका! दोरीला बांधलेल्या, या खांबापासून त्या खांबापर्यंत, सगळ्या पांढऱ्या. पुढं एका घरासमोर मंडप. पांढरे कपडे घातलेली बाया-माणसं आत जात होती. आतून पालीचा आवाज येत होता.

आता तुम्हीच सांगा. आमच्या गावात गल्लीला पताका लागल्या, मंडप पडला आणि सगळे लोक पांढरे कपडे घालून निघाले, तर त्याचा अर्थ काय? जयंती. नाहीतर विहारात मोठा कार्यक्रम. अशा वेळी बोलावण्याची वाट पाहत नसतात. मी सदरा नीट केला, फूल पुढं धरलं आणि तोंडभर हसत, मंडपात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नमो बुद्धाय! जयभीम!"

सगळे वळले. कोणी हसलं नाही. समोर पेटी होती. पेटीत म्हातारी झोपवलेली होती. पांढरं लुगडं, चापून बसवलेले केस, हातात पांढरे मोजे.

पळावं तर माणसं बाजूला सरून मला पुढं वाट देत होती. पांढऱ्या कपड्यांचा म्हातारा, हातात कमळ. त्यांना वाटलं, मातीलाच आला. मी पेटीजवळ गेलो, फूल म्हातारीच्या पायाशी ठेवलं आणि काय करावं सुचेना म्हणून "अनिच्चा वत संखारा" म्हटलं. पंचफुलाच्या वेळेस आमच्या भंतेंनी म्हटलं होतं तेच. मागच्या बायांनी माझ्यामागून म्हटलं. मग कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. आपल्याकडं मंडपवाला देते तीच.

खुर्ची पडली ती नेमकी घरधन्याच्या बाजूला. माझ्या वयाचा, हडकुळा, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात. आतून सोमावती आली. मला पाहून तिला काही नवल वाटलं नाही. असा पुण्यवान माणूस इथं येणारच, असा तिचा चेहरा. तिनं बोट दाखवून सांगितलं, म्हाताऱ्याचं नाव पुंची बंडा. आमच्याकडं बंडू म्हटलं की शेंबडं पोर डोळ्यासमोर येते. हा बंडा सत्तरीकडं झुकलेला. मग पेटीकडं बोट करून तिनं दोन बोटं जवळ जवळ धरली. त्याची बायको.

मी बसलो. उठून जाणं बरं दिसेना. हळूहळू नजर फिरली. स्वयंपाकघराचं दार लावलेलं, चूल थंड. दिवे लागायच्या सुमाराला शेजारच्या बाया एकेक करून पातेली घेऊन येऊ लागल्या. एकीचा भात, एकीचं वरण, सोमावतीची वाळकी मासळी. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच आहे. समुद्राच्या या पारही माणूस मेल्यावर चूल पेटत नाही.

बंडाच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्यानं तोंड फिरवलं. "एपा."

सुनेनं विनवलं. "एपा." सोमावतीनं पुढं होऊन काही म्हटलं. "एपा, एपा." मग तिनं झाकण घेतलं आणि ताट झाकायला हात पुढं केला.

मला ते झाकण पाहवलं नाही. का ते सांगता येत नाही. मी उठलो, झाकण बाजूला केलं, ओट्याजवळच्या लोट्यानं हात धुतले आणि त्याच्यासमोर खाली बसलो. भात आणि वरण कालवलं, घास केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"ए बंडा," मी म्हटलं. दुसरी भाषा मला येत नाही, मी आपलीच बोललो. "काहून तोंड फिरवून राह्यला बे? कडू घास आहे हा. खा लागते. तुले वाटते, न खाल्ल्यानं ते परत येईन. नाही येत. मी पाह्यलं करून. तूर गेली, सोयाबीन गेलं. नाही आली."

बंडाला एक अक्षर समजलं नसेल. तो माझ्याकडं पाहत राहिला. माझा हात भरून आला, वरण मनगटावरून कोपराकडं ओघळलं, पण मी खाली घेतला नाही. मग त्यानं तोंड उघडलं. अगदी लहान, पाखराएवढं.

सून रडायला लागली. मला वाटलं काम झालं. उठणार तोच बंडानं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं त्यानं त्याच ताटात घास कालवला. अर्धा भात खाली सांडला. उरलेला त्यानं माझ्या तोंडासमोर धरला.

बाहेर अंधारून आलं होतं.

सोमावती मोठ्यानं म्हणाली, "विकालभोजना!" आणि मध्ये हात घातला. बिचारी माझं व्रत वाचवत होती. मांडवातले सगळे माझ्या कपड्यांकडं पाहत होते. बंडा हात तसाच धरून होता. त्याला व्रताचं काही नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की यानं खाऊ घातलं, आता यानं खावं.

मी बाईचा हात बाजूला केला. "मी घेतलंच नव्हतं व बाई," म्हटलं आणि घास खाल्ला.

कडू घास म्हणतात, पण तो कडू नव्हता. नारळाचा होता, गोडसर. मग आम्ही दोघांनी त्या एका ताटात जेवण केलं. तो एक घास घेई, माझ्याकडं पाही. मी घेई. भात संपला तसा सुनेनं अजून वाढला. मी "एपा" म्हटलं नाही.

मीना मला शोधत आली तेव्हा मी ताटाला बोटं पुसत होतो. ती पताकांखाली उभी राहिली. पेटी पाहिली, बंडाला पाहिलं, माझ्या हाताला लागलेला भात पाहिला. जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मीठ बरोबर आहे का, बाबा?"

मी म्हटलं, "थोडं कमी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी

सोमावतीनं चहा आदळला. जोडलेले हात नाहीत, हसू नाही. मीनानं तिला रात्रीच सगळं समजावून सांगितलं होतं, पण शेजारणींना इतकं सांगून बसलेली बाई, तिचाही पचका झाला होता.

मी पांढरे दोन्ही जोड साबण लावून धुतले आणि तिच्या अंगणात वाळत टाकले. कमरेला मीनानं आणलेली चौकटीची लुंगी, वर गंजीफ्राक, अशा थाटात बाजारात गेलो आणि रंगीत शर्ट घेतला. दुकानदारानं साधे निळे-करडे दाखवले. मी वर टांगलेल्याकडं बोट केलं. पिवळा, त्यावर हातभर लाल फुलं. मीना म्हणाली, "बाबा, हा पोरं घालतात." मी म्हटलं, "हा घातल्यावर मले उपासक कोण म्हणते ते पाह्यतो."

तो घालून मी सोमावतीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती वालासारख्या शेंगा सुपात घेऊन खाली बसली होती. तिनं मान वर केली आणि शर्टाकडं पाहतच राहिली. मी तिच्या पातेल्याकडं बोट केलं, मग ज्या डोंगराआड दिवस मावळतो त्या डोंगराकडं, मग स्वतःच्या पोटाकडं.

"सोमवते," मी म्हटलं, "विकालभोजना. वेरमणी नाही."

बाईनं तोंडावर पदर धरला, पण खांदे हलत होते. हसू आवरल्यावर तिनं एक पाट ओढला, सूप आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं आणि शेंगांकडं बोट दाखवलं. रातचं पाहिजे ना, मग सोल.

मी मांडी घालून बसलो. तिचे दाणे भराभर पडत होते, माझे रमतगमत. एका शेंगेत अळी निघाली. ती शेंग मी तिच्याकडं ढकलली.

"घे व," म्हटलं, "तुहा पाव्हणा आला."